ड तुकडीतला ड्रायव्हर

दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, हे मी चौतीस वर्षं शिकवलं. इयत्ता आठवी ते दहावी, तुकड्या अ ते ड. निवृत्त झालो त्या दिवशी निरोपसमारंभात हेडमास्तर म्हणाले, "सरांचं आयुष्य म्हणजे एक सरळ रेषा आहे." मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "म्हणजे लांबी आहे, रुंदी नाही." व्याख्या बिनचूक होती, त्यामुळे मला रागावता आलं नाही. चौतीस वर्षांत निदान एकाला तरी ती पाठ झाली, एवढं समाधान मानून मी शाल आणि नारळ घेऊन घरी आलो.

या सरळ रेषेवरचा माझा विश्वास वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, एका शनिवारी सकाळी सव्वासात वाजता उडाला. उडाला तोही उजवीकडे उडाला.

त्याचं असं झालं. आमचे चिरंजीव तिकडे एडिसनजवळ राहतात. दर दोन-तीन वर्षांनी आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी तिकडे जातो. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात, पुढचे पंधरा दुकानं बघण्यात. नंतर माझ्यासारख्याची पंचाईत होते. कोपऱ्यावर पानवाला नाही, पेपर टाकणाऱ्या पोराशी भांडण नाही, आणि रस्त्यानं पायी निघालं तर एखादा गाडीवाला थांबून 'आपली गाडी बंद पडली का' म्हणून विचारतो. ही पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराचा ताबा घेते आणि सहा महिने तिथून राज्य करते. उरतो मी. मी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत घरभर हिंडतो. सूनबाईंनी तीन आठवडे हे सोसलं. चौथ्या आठवड्यात चिरंजीव म्हणाले, "बाबा, शनिवारी माझ्याबरोबर गोल्फला चला."

गोल्फ हा खेळ मी तोपर्यंत कुंपणाबाहेरूनच ओळखत होतो. साहेबानं तो आपल्याकडे फार पूर्वी आणला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे. पुण्यात येरवड्याला मैदान आहे आणि त्याच्या शेजारून मी कितीतरी वर्षं बसनं गेलो, पण आत जाण्यासाठी लागणारा खिसा माझ्या एकाही पॅंटला नव्हता. तिकडे मात्र काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेची, मैदानं असतात. तिथे नळ दुरुस्त करणारा आणि डॉक्टर एकाच रांगेत उभे राहतात, आणि म्हाताऱ्यांना सवलत असते. सवलत म्हटल्यावर मी नाही कशाला म्हणतो?

एका लाकडी खुंटीवर चेंडू ठेवतात. तिला टी म्हणतात. चेंडू जागचा हलत नाही. कुणी तो आपल्या अंगावर टाकत नाही, मागून यष्टिरक्षक टोमणे मारत नाही. समोर हिरवंगार, रुळासारखं सरळ मैदान. त्याला फेअरवे म्हणतात. मला वाटलं, यात अवघड ते काय? चिरंजीवांनी हातात सगळ्यांत लांब काठी दिली आणि म्हणाले, "हा ड्रायव्हर." मी मागे वळून पाहिलं. आपल्याकडे ड्रायव्हर म्हणजे एस.टी.चा.

मी मारलेला चेंडू निघाला तो पट्टीनं आखल्यासारखा सरळ. मी मोठ्या अभिमानानं चिरंजीवांकडे पाहिलं. तेवढ्यात, गॅस बंद करायचा राहिला हे आठवून माणूस भर रस्त्यात वळतो ना, तसा तो वळला आणि उजवीकडच्या दाट झाडीत नाहीसा झाला.

"स्लाइस," चिरंजीव म्हणाले.

घरी आल्यावर हिला सांगितलं, तर ही म्हणाली, "पावाची?"

पावाची परवडली असती. गोल्फमधली स्लाइस म्हणजे उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू हवेत उजवीकडे वळत जाणं. हा रोग नवशिक्यांत पडशाइतका सर्रास आहे. चेंडूला अशी फिरकी द्यायला सुभाष गुप्त्यांनी मनगट झिजवलं असेल. मला ती विनासायास, रोज, न मागता येत होती. फक्त नको तिथे.

रोग जाहीर झाला की वैद्य आपोआप जमतात. मैदानावरचा प्रत्येक पेन्शनर मला उपाय सांगू लागला. एक म्हणाला, डोकं खाली ठेवा. दुसरा म्हणाला, डोकं हलवू नका. तिसरा म्हणाला, डोकं वापरूच नका. या तिसऱ्याचाच चेंडू त्यातल्या त्यात बरा जात असे. मी मात्र डोकं वापरलं. चेंडू जर चाळीस पावलं उजवीकडे जातो, तर आपण चाळीस पावलं डावीकडे नेम धरावा, बेरीज शून्य. पुढच्या शनिवारी तसा नेम धरला. चेंडू साठ पावलं उजवीकडे गेला. आणखी डावीकडे वळून उभा राहिलो, तर तो आणखी उजवीकडे. युक्लिड असता तर त्यानं काठी मोडली असती.

झाडीत चेंडू शोधायला नियमानं तीन मिनिटं मिळतात. पूर्वी पाच मिळत. २०१९ साली तीन केली. त्या तीन मिनिटांत मी एकदा तिन्ही पानं चकचकीत असलेल्या एका वेलीत हात घातला. दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत फोड. त्या वेलीला तिकडे पॉयझन आयव्ही म्हणतात. ही वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी. हिनं पान पाहिलं आणि म्हणाली, "आपल्या बिब्ब्याच्या कुळातली दिसतेय. तुम्हाला बिब्बा उतलाय." सात समुद्र ओलांडून बिब्बाच उतायचा होता! शिवाय हरवलेल्या चेंडूंचा हिशेब हिच्याकडे होताच. ही आधी डॉलरचे रुपये करते आणि मग रुपयांची कोथिंबीर. त्या मोसमात मी न्यू जर्सीच्या जंगलात दोन पोती कोथिंबीर टाकली.

पण खरी गंमत निराळीच होती. गोल्फ हा म्हणे गप्पा मारत चालण्याचा खेळ. बापलेकानं चार तास बरोबर चालावं, चार शब्द बोलावेत, म्हणून चिरंजीव मला नेत होते. ते घडेचना. कारण चिरंजीव डाव्या बाजूनं खेळतात. डावखुऱ्याची स्लाइस ही आरशातली स्लाइस. ती डावीकडे जाते. ती पिढीजात असावी, कारण त्यांनाही ती होती. म्हणजे व्हायचं असं, की आम्ही दोघे एका खुंटीपासून निघायचो, पाठीला पाठ लावून विरुद्ध दिशांना चालू लागायचो, ते डावीकडच्या झाडीत आणि मी उजवीकडच्या. मधल्या सुंदर हिरवळीवर कॅनडातली बदकं चरायची. चार तासांत आमचं बोलणं एवढंच: "सापडला का, बाबा?" आणि "नाही, तुझा?"

तशी आम्हाला या अंतराची सवय होती. आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी. चिरंजीव जन्मानं डावे. १९८३ साली, पाच वर्षांचे असताना, पाटीवर पहिला 'ग' त्यांनी डाव्या हातानं काढला. मी पेन्सिल काढून उजव्या हातात दिली. ती पुन्हा डाव्यात गेली. प्रसाद डाव्या हातानं घ्यायचा नाही, ताटाला डावा हात लावायचा नाही, अशा घरात मी वाढलेला. आणि त्यात भूमितीचा मास्तर. मी मारलं नाही. मी फक्त त्यांचं डावं मनगट रुमालानं खुर्चीच्या हाताला बांधून ठेवलं. रोज, दोन महिने. दोन महिन्यांनी ते उजव्या हातानं लिहू लागले. मी ही हकीकत पुढे कितीतरी पालकांना अभिमानानं सांगितली. आणि मग दहावीपर्यंत रोज चिरंजीवांना म्हणत राहिलो, "काय हे अक्षर! मुंग्या चालल्यात का कागदावर?"

लिहिणं सोडून बाकी सगळं ते डाव्यानंच करत राहिले. तेवढ्यापुरती माझी नजर पोचत नव्हती.

असो. एका रविवारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपण ड्रायव्हर बदलू." आणि आम्हाला गोल्फच्या दुकानात घेऊन गेले. हीसुद्धा आली, खर्चावर देखरेख ठेवायला. तिथे जाळीसमोर चेंडू मारायचा असतो, आणि ट्रान्झिस्टरएवढं एक यंत्र त्याची कुंडली मांडतं. दुकानातला पोरगा विशीतला होता. पडदा बघून म्हणाला, "काठीची वाट डावीकडे सात अंश. तोंड त्या वाटेशी सहा अंश उघडं."

अंश! कोन! मी खुर्ची ओढून पुढे बसलो. बहात्तराव्या वर्षी मला परदेशात माझं गाव भेटलं होतं.

पोरानं नीट समजावलं. चेंडू निघतो तो बहुतांशी काठीचं तोंड जिकडे आहे तिकडे. पण पुढे तो वळतो, तो काठीची वाट आणि काठीचं तोंड यांच्यामधल्या कोनामुळे. कोन जेवढा मोठा, तेवढी वळण्याची हौस मोठी. मी डावीकडे नेम धरत होतो तेव्हा वाट आणखी डावीकडे जात होती आणि तोंड मात्र निशाणाकडेच राहत होतं. म्हणजे मी स्वतःच कोन वाढवत होतो. हे प्रमेय मला दहावीच्या ड तुकडीतल्या कुणी सोडवून दाखवलं असतं, तर मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते.

"थोडक्यात," पोरगा म्हणाला, "मारताना तुमचं तोंड उघडं राहतं."

"हे मी पंचेचाळीस वर्षं सांगतेय," ही मराठीत म्हणाली.

मग त्यानं एक नवा ड्रायव्हर काढला. पूर्वी या काठीचं डोकं पर्सिमन नावाच्या झाडाच्या लाकडाचं असे. (हिनं तिथल्या तिथे सांगितलं की पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या, विड्यांच्या पानाच्या तेंदूच्या वंशातला. चुलतभाऊच म्हणा.) १९७९ साली गॅरी ऍडम्स नावाच्या माणसानं ते पोलादाचं करून बाजारात आणलं. १९९१ साली बिग बर्था आली. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचं नाव. डोकं १९० घनसेंटिमीटरचं, आणि लोकांना तेव्हा तेच राक्षसी वाटलं. मग टायटॅनियम आलं आणि डोकी अशी फुगू लागली, की २००४ पासून नियमानं ४६० ची हद्द घालावी लागली. म्हणजे जवळजवळ अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी. वजन मात्र दोनशे ग्रॅमच्या आसपास. डोकं मोठं, पण आत पोकळ. पुढारी आठवावेत.

ही पोकळी फुकट जात नाही. वजन मधे न ठेवता कडेकडेनं, मागे ठेवलं, तर चेंडू तोंडाच्या मधोमध न लागता इकडेतिकडे लागला तरी डोकं हातात फारसं पिळत नाही. चूक झाली तरी शिक्षा कमी. यालाही हद्द आहेच. गोल्फवाले माफीसुद्धा मोजूनमापून देतात.

आता खास स्लाइसवाल्यांची सोय. एक तर वजन टाचेकडे, म्हणजे दांडा जिथे डोक्याला जोडलेला असतो त्या बाजूला, सरकवलेलं असतं. दाराच्या मोकळ्या कडेला पाण्याचा हंडा टांगला तर दार लावायला जड जातं. तोच बिजागरीजवळ टांगला तर हलकं. तसंच हे. वजन दांड्याजवळ आलं की उघडं तोंड लवकर मिटतं. शिवाय, वजनाचा मध्य टाचेकडे सरकला की चेंडू तोंडाच्या मधोमध लागला तरी तो त्या मध्याच्या पलीकडे लागल्यासारखा होतो. मग डोकं एका बाजूला फिरतं आणि चेंडू उसाच्या चरकातल्या रुळासारखा बरोबर उलट फिरतो. ती फिरकी डावीकडची. विषावर विष.

दुसरं, काठी जमिनीवर ठेवली तेव्हाच तिचं तोंड किंचित मिटलेलं. तिसरं, काही काठ्यांत तोंड दांड्याच्या रेषेपेक्षा जरासं मागे बसवलेलं, म्हणजे ते चेंडूपाशी केसभर उशिरा पोचतं आणि तेवढ्यात मिटायला सवड मिळते. उशिरा येणाऱ्या पोरांसाठी शिपायानं घंटा थोडी उशिरा द्यावी, तसं. चेंडू आणि काठी एकमेकांना भेटतात ती फक्त अर्ध्या सहस्रांश सेकंदापुरती. तेव्हा ही केसभर सवडसुद्धा मोलाची. चौथं, तोंडाचा उतार वाढवलेला, नऊ-दहा अंशांऐवजी बारा. उतार जास्त, तर चेंडूला मागच्या बाजूची फिरकी जास्त. आणि चेंडू मागे जोरात फिरला, की कुशीवर कलंडायची त्याची खोड कमी होते.

"पण यानं माझी चूक सुधारेल का?" मी विचारलं.

पोरगा प्रामाणिक होता. "नाही," तो म्हणाला. "चूक तशीच राहील. चुकीचा परिणाम कमी होईल. चूकच घालवायची तर शिकवणी लावायला हवी. ती महाग पडते." मग काठीचं डोकं पुसत म्हणाला, "आणि हा ड्रायव्हर सरळ मारणाऱ्याच्या हातात देऊ नका. त्याचा चेंडू डावीकडे जाईल. ज्याची चूक नाही त्याला ही दुरुस्ती लावली, तर ती दुरुस्तीच चूक होते."

डोक्याच्या खालच्या बाजूला इंग्रजी 'डी' हे अक्षर होतं. डी म्हणजे ड्रॉ. चेंडू हलकेच डावीकडे वळणं. मला मात्र त्यात एकच गोष्ट दिसली. चौतीस वर्षं मी ड तुकडीकडे वरून पाहिलं. शेवटी माझं नाव त्याच तुकडीत लागलं.

किंमत किती, ते इथे सांगत नाही. ही हा लेख वाचणार आहे, आणि पावती चिरंजीवांनी फाडलेली आहे.

खरं सांगायचं तर त्या रात्री मला झोप लागली नाही. मास्तरी मन कुरकुरत होतं. मुलाचं चुकलं तर मूल सुधारायचं. पट्टीच वाकडी करून द्यायची, हा कुठला न्याय? दुसऱ्या दिवशी मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन पुस्तकं काढली, पुस्तकात पाहिल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही म्हणून. तिथे मला टेटसाहेब भेटले. पीटर गथ्री टेट, एडिंबरोचे प्राध्यापक, गणित-पदार्थविज्ञानातलं मोठं नाव. त्यांचा मुलगा फ्रेडी हा नामांकित गोल्फपटू. ब्रिटनची हौशी खेळाडूंची स्पर्धा त्यानं १८९६ आणि १८९८ अशी दोनदा जिंकली. गोष्ट अशी सांगतात, की चेंडू जास्तीत जास्त किती लांब जाऊ शकेल याचं गणित बापानं मांडलं, आणि १८९३ मध्ये पोरानं सेंट अँड्र्यूजला एकच टोला असा हाणला, की चेंडू बापाच्या गणितापलीकडे जाऊन पडला. गोष्टीला तिखटमीठ लागलेलं असेल. पण मागच्या बाजूची फिरकी चेंडूला हवेत उचलून धरते, हे दाखवून दिलं ते टेटसाहेबांनीच. नुसता वेग धरून भागत नाही. पोराच्या हातातली फिरकीही हिशेबात धरावी लागते.

पुढच्या पानावर होतं, की फ्रेडी १९०० साली दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मारला गेला. टेटसाहेब पुढच्याच वर्षी गेले. मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. वाचनालयातल्या बाईंनी येऊन विचारलं, काही मदत हवी का.

स्लाइस ही निदान चूक तरी आहे. तिच्यासाठीसुद्धा एवढी माणसं, एवढी वर्षं, एवढ्या प्रेमानं राबली. तिला रुमाल बांधायला कुणी गेलं नाही. आमच्या चिरंजीवांचा डावा हात ही तर चूकही नव्हती.

शनिवारी उजाडायला मी नवा ड्रायव्हर घेऊन उभा राहिलो. डावीकडे नेम धरायचा मोह आवरला. चेंडू निघाला, वळायची खूण केली, आणि जरासा उजवीकडे कलून फेअरवेच्या कडेला थांबला. सरळ नव्हे. पण गवतात. चिरंजीवांनीही आपल्यासाठी तसलाच, डावखुऱ्यांचा, घेतला होता. त्यांचा चेंडू जरासा डावीकडे कलून गवतातच पडला. दोघांमध्ये वीस-पंचवीस पावलं. बदकं उठून गेली. आणि त्या मोसमात पहिल्यांदाच आम्ही दोघे एका दिशेनं, बरोबर चालू लागलो.

बरोबर चालायला लागल्यावर बोलायची पंचाईत. चिरंजीव फिल मिकलसनविषयी सांगू लागले. त्यानं सहा मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि तो डाव्या बाजूनं खेळतो. पण मूळचा तो उजवा आहे. लहानपणी वडिलांच्या समोर उभा राहून, आरशात बघावं तशी त्यांची नक्कल करायचा, म्हणून डावा झाला. "आणि बापानं तसाच खेळू दिला," चिरंजीव म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "तुला तो रुमाल आठवतो का रे?"

"निळ्या काठाचा," ते म्हणाले. आम्ही दहा पावलं चाललो. "बाबा, एक सांगू का? तुम्ही शाळेत गेलात की आई तो सोडायची. साडेपाचला तुमची सायकल वाजली की परत बांधायची."

मी थांबलो. "दोन महिने?"

"दोन महिने."

"मग तू उजव्यानं लिहायला कसा लागलास?"

"तुमच्यासमोर उजव्यानं लिहायचो. मग बाईंसमोर उजव्यानं. मग तेच राहिलं." त्यांनी खिशातून स्कोअर लिहायचा कागद आणि बोटभर पेन्सिल काढली. "दुसरं अजून येतं की."

आणि त्यांनी डाव्या हातानं त्या कागदावर माझं नाव लिहिलं. मराठीत. अक्षर वळणदार होतं. काना सरळ, वेलांटी गोल, वरची रेघ पट्टीनं मारल्यासारखी. मी इतकी वर्षं ज्याच्या अक्षराला नावं ठेवली, त्याचं अक्षर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"सहा मार," एवढंच मला म्हणता आलं. ते हसले. गोल्फमध्ये षटकार नसतो.

त्या दिवशी मला एकंदर एकशेअठरा टोले लागले, आणि चेंडू फक्त दोन हरवले. घरी आलो तेव्हा ही ओट्याशी मेथी निवडत बसली होती. मी ड्रायव्हर कोपऱ्यात उभा केला आणि म्हटलं, "अगं, तो रुमाल तू रोज सोडायचीस?"

हिनं वरसुद्धा पाहिलं नाही. "मग काय करणार? तुम्हाला सुधारायचं तर शिकवणी लावावी लागली असती. ती महाग पडते."

"आणि एवढी वर्षं मला बोलली नाहीस?"

"तुमचं तोंड उघडं होतं ना," ही म्हणाली, "मी कधी बोलणार?"

मी काठीचं डोकं पुसलं. खालचा तो 'डी' चकाकला. ड तुकडीत आहोत खरे; पण वर्गशिक्षिका चांगली मिळाली आहे, आणि ती काल-परवापासून नव्हे. मी हिच्याजवळ बसलो आणि मेथी निवडायला लागलो. काड्या एका बाजूला, पानं दुसऱ्या बाजूला. थोड्या वेळानं हिनं न बोलता माझ्या पुढ्यातल्या काड्यांमधून पानं वेचून घेतली.